मोजणीबाईंचा पलंग

जिल्ह्याजिल्ह्यातला कॅन्सर मोजणं हा काही चारचौघांत सांगण्यासारखा उद्योग नव्हे. कुणाच्या घरी चहाला गेल्यावर "तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं आणि बाईंनी खरं उत्तर दिलं, की विचारणाऱ्याच्या तोंडातलं बिस्किट तिथेच अडकायचं. थोड्या वेळाने तोच माणूस हळूच जवळ सरकून आपल्या मानेवरची गाठ दाखवायचा. बाईंना दोन्हीचा कंटाळा होता. त्या डॉक्टर नव्हत्या, नर्स नव्हत्या. कुणाला कुठला कॅन्सर झालाय आणि तो माणूस राहतो कुठे, एवढं इस्पितळातून टिपून आणायचं आणि सरकारी कचेरीत द्यायचं, इतकंच त्यांचं काम.

शहरातल्या सगळ्या इस्पितळांत त्यांना मोजणीबाई म्हणायचे. जुनी कागदपत्रं ठेवायची खोली हटकून तळघरात असते, आणि तिथला पंखा हटकून बंद असतो. बाईंनी अशा प्रत्येक खोलीत आपली एक उशी ठेवून दिली होती, कारण तिथल्या खुर्च्या म्हणजे शिक्षाच. एखादा नवा डॉक्टर चेष्टेने विचारायचा, "काय मोजणीबाई, आज किती मिळाले?"

"तुम्ही नीट लिहाल तेवढे," बाई म्हणायच्या. "तुमचं अक्षर बघता तुमच्या वॉर्डात कुणी आजारीच नाही असं वाटतं."

या कामाचा एक मोठा नियम होता. माणूस उपचार कुठे घेतो याला महत्त्व नाही. आजार सापडला तेव्हा तो राहत कुठे होता, त्या जिल्ह्यात त्याला मोजायचं. मग वर्षाअखेरी दर लाख माणसांमागे किती, असा हिशोब व्हायचा आणि सगळ्या जिल्ह्यांचा एक रंगीत नकाशा छापून यायचा. कमी आजार तिथे फिका रंग, जास्त तिथे गडद. कचेरीतले साहेब त्या रंगांना श्रेणी एक, श्रेणी दोन म्हणायचे. बाई त्यांना लोणी आणि वांगं म्हणायच्या. बाईंचं स्वतःचं शहर वर्षानुवर्षं वांगं होतं. आणि डोंगरापलीकडचा एक छोटासा जिल्हा वर्षानुवर्षं लोणी.

त्या लोणी जिल्ह्यात बाईंची थोरली बहीण दिली होती. बहिणीचा नवरा, म्हणजे भाऊजी, तिथल्या बाजारपेठेतला शिंपी. हात सोन्याचा आणि तोंड फाटकं. माप घेताना माणूस हलू शकत नाही, याचा भाऊजींनी आयुष्यभर गैरफायदा घेतला होता. गळ्यात टेप टाकला की गिऱ्हाईक त्यांच्या ताब्यात, मग पाऊसपाणी, राजकारण, शेजाऱ्याची भांडणं, सगळं ऐकूनच सुटका. अशा माणसाला बाईंनी एका वर्षी तो नकाशा भेट दिला आणि आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

भाऊजींनी नकाशाला काच लावून तो कपडे घालून बघायच्या आरशाशेजारी टांगला. आलेल्या प्रत्येकाला ते टेपच्या टोकाने आपला जिल्हा दाखवायचे. "हे बघा. सरकारने छापलंय, मी नाही. आमच्या जिल्ह्यात यायची कॅन्सरची हिंमतच नाही. रस्ताच इतका वाईट आहे!"

"भाऊजी, तुमच्याकडे माणसंच मूठभर," बाई फोनवर समजवायच्या. "चारदोन इकडेतिकडे झाले तरी रंग बदलतो."

"पण झाले का? नाही झाले! हवा, मेहुणीबाई, हवा. तुम्ही तिकडे धूर खाता."

खरं सांगायचं तर बाईंनाही ते पटायचं. निवृत्त झाल्यावर आपणही तिकडे दोन खोल्या घेऊन राहावं, असं त्यांच्या मनात होतं. शहरातलं त्यांचं घरही दोनच खोल्यांचं, मोठ्या इस्पितळाच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या इमारतीत. लग्न त्यांनी केलं नव्हतं. "मला एकटीला दोन खोल्या पुरतात, नवरा आला असता तर अपुऱ्या पडल्या असत्या," असं त्या म्हणायच्या. बाहेरच्या खोलीत एक लोखंडी पलंग होता आणि तो मात्र कधी रिकामा नसायचा. डोंगरापलीकडून कुणी इस्पितळात दाखवायला आलं की ते बाईंकडेच उतरायचं. बहिणीचा शेजारी, बहिणीच्या शेजाऱ्याची आई, त्या आईला सोडायला आलेला आणि मग स्वतःलाच काहीतरी निघालेला तिचा भाचा. बाई कुरकुरायच्या आणि चादर बदलायच्या.

इस्पितळात दोन खिडक्या होत्या. शहरातल्यांची एक आणि बाहेरगावच्यांची एक. शहरातल्यांना चार दिवसांत आत घ्यायचे. बाहेरगावच्यांना तारीख मिळायची ती दोन महिन्यांपुढची. हा नियम कुठल्या महाभागाने केला कुणाला ठाऊक, पण बाईंनी त्याच्यावर तोडगा काढून ठेवला होता. पलंगावर आलेल्या प्रत्येकाला त्या रिक्षातच पढवायच्या, "पत्ता विचारला की माझा सांगायचा. इथेच राहतो म्हणायचं. आणि गावाचं नाव तोंडातून काढलंस तर परत घरी पाठवीन." मग काम चार दिवसांत व्हायचं. माणूस बाईंच्या पाया पडायचा आणि बाई म्हणायच्या, "पाया नको पडू, जाताना पलंगाखालची चप्पल तेवढी आठवणीने ने."

असं कितीतरी वर्षं चाललं. आणि त्यात काय गडबड आहे ते या कामात केस पांढरे केलेल्या बाईंच्या एकदाही लक्षात आलं नाही.

मग भाऊजींचा आवाज बसला.

आधी सगळ्यांना गंमतच वाटली. बहीण फोनवर म्हणाली, "अगं, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा घरात शांतता आहे. कुणाला सांगू नकोस, नाहीतर औषध आणून देतील." पण महिना गेला, दोन गेले, तरी आवाज परत येईना. फोनवर भाऊजी बोलायला लागले की कुणीतरी ताग्यातून कापड टरकावतंय असं वाटायचं. पलंगावरच्यांचे असले आवाज बाईंनी ऐकलेले होते.

"भाऊजी, घसा दाखवायला या. उद्याच या."

"कशाला?" भाऊजी घोगरले. "सर्दी आहे."

"तीन महिने सर्दी?"

"अगं मेहुणीबाई, तुझाच नकाशा आहे ना? तूच म्हणतेस ना, इथे लाखात थोडेच निघतात? मग त्या थोड्यांत नेमके आम्हीच कशाला असू?"

स्वतः छापून दिलेला कागद कुणी आपल्याच तोंडावर मारला, तर बोलणार काय? त्यांनी बहिणीला सांगून पाहिलं. बहीण म्हणाली, "मी सांगून थकले. त्या नकाशासमोर उभे राहून घोगऱ्या आवाजात मला फिका रंग दाखवतात."

याच सुमारास साहेबांना नवी हौस सुटली. जिल्ह्यांचे नकाशे पुरेनात म्हणून त्यांनी शहराच्या गल्ल्यागल्ल्यांचा नकाशा काढायला घेतला. यंत्राने रंग भरले आणि सगळ्या शहरातली सर्वात काळीकुट्ट गल्ली निघाली ती मोजणीबाईंची. त्यातही त्यांची इमारत. साहेबांची झोप उडाली. पाण्यात काहीतरी आहे, नाहीतर जमिनीत, नाहीतर भिंतींच्या रंगात, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि एका सकाळी तोंडाला मास्क लावलेली दोन माणसं बाटल्या घेऊन इमारतीत शिरली.

मग काय विचारता. कुणी नळाचं पाणी प्यायचं सोडलं, कुणी घर विकायची जाहिरात द्यायला धावलं. वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका बनियनवर जिन्यात उतरले आणि बाईंच्या दारात उभे राहून ओरडले, "मोजणीबाई! तुमच्या कचेरीने आमच्या इमारतीची अब्रू घालवली! आहे कोण इथे आजारी? मी तीस वर्षं बस चालवली, मला साधी शिंक येत नाही!"

"तुमच्या घरचा एक मीच टिपलाय काका," बाई म्हणाल्या. "पोटाचा. मागच्या वर्षी."

"तो? तो माझा साडू! तो कुठे इथे राहतो? डोंगरापलीकडून आला होता दाखवायला! तुम्हीच नाही का म्हणालात, पत्ता इथला सांगा, लवकर नंबर लागतो?"

बाईंच्या हातात बाटलीवाल्यांना द्यायला भरलेला पाण्याचा तांब्या होता. तो तसाच राहिला. ड्रायव्हरकाकांचा साडू. तळमजल्यावरच्या मास्तरीणबाईंची आत्या. शेजारच्या दारच्यांची मामी. आणि स्वतःच्या लोखंडी पलंगावरची ती सगळी ओळ. त्यांच्या दोन खोल्यांत वेगवेगळ्या आडनावांची इतकी आजारी माणसं राहत असल्याचं त्यांनी स्वतःच सरकारला कळवलं होतं. घरी त्या प्रत्येकाला आपला पत्ता पढवायच्या आणि कचेरीत तोच पत्ता विश्वासाने उतरवून घ्यायच्या. डोंगरापलीकडचा जिल्हा हवेने लोणी झालेला नव्हता. तो बाईंनी केला होता.

"बाई, पाणी देताय ना?" बाटलीवाला म्हणाला.

"पाण्यात काही नाहीये बाबा," बाई म्हणाल्या. "जो काही घोळ आहे तो या पलंगात आहे."

बाटलीवाल्याने प्रामाणिकपणे पलंगाच्या गंजाचाही नमुना घेतला.

त्याच दिवशी बाईंनी रजा टाकली आणि डोंगरापलीकडची बस धरली. दुकानात पोचल्या तेव्हा भाऊजी कात्री घेऊन बसले होते आणि बहीण काज करत होती. बाईंनी पिशवी खाली ठेवली, स्टुलावर चढल्या आणि भिंतीवरचा नकाशा उतरवला.

"अगं, अगं!" भाऊजींच्या गळ्यातून नुसती हवा आली.

"हा खोटा आहे," बाई म्हणाल्या. "मीच खोटा केलाय. तुमच्या जिल्ह्यात आजार नाही असं नाही. तुमच्या जिल्ह्यातला आजार माझ्या घरी राहायला येतो."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. भाऊजी ऐकत होते, पण मान हलवत होते. हार मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "ती माणसं इथे धडधाकट होती," ते कसेबसे म्हणाले. "शहरात गेली आणि तिथे हे निघालं. तुमच्याकडूनच घेऊन आली."

"धडधाकट?" बाई तडकल्या. "भाऊजी, मी डॉक्टर नाही, पण तुम्ही शिंपी आहात ना? मग मला सांगा, गेल्या पाचसहा वर्षांत या पेठेत कुणाकुणाचे कपडे आत घेतलेत तुम्ही? वय वाढलं की माणसाचे कपडे सैल करून द्यावे लागतात. आत कुणाचे घेतले?"

भाऊजींनी कात्री बाजूला ठेवली. नजर फळीवरून, ताग्यांवरून, दारातून बाहेर समोरच्या बंद दुकानाकडे गेली. ते दुकान बेकरीवाल्याचं.

बेकरीवाला भाऊजींचा जिवलग. दोघांची रोज भांडणं आणि रोज एकत्र चहा. दोन वर्षांपूर्वी त्याची पँट भाऊजींनी एकदा आत घेतली, मग पुन्हा घेतली, आणि दुसऱ्या वेळी चेष्टाही केली, "काय रे, स्वतःचा पाव खात नाहीस का?" त्याच्या पोटात दुखायचं. शहरात जाऊन दाखवू का, असं त्याने याच दुकानात विचारलं होतं. तेव्हा भाऊजींनी टेपच्या टोकाने नकाशा दाखवला होता. पुढे तो गेला तेव्हा फार उशीर झाला होता. बाईंच्या पलंगावर तो महिनाभर होता. त्याचा पत्ताही बाईंनीच पढवला होता, आणि वारला तो शहराचा रहिवासी म्हणून.

मग बहिणीने हातातली सुई कापडात खोचली.

"अहो," ती म्हणाली, "धुवायला टाकलेल्या तुमच्या विजारीची शिवण मी बघितलीये. कधी आत घेतलीत? माझ्यापासून लपवून?"

भाऊजींनी गळ्यातला टेप काढून खणात ठेवला. दुसऱ्या सकाळी तिघं पहिल्या बसने निघाले.

रिक्षात बाईंची पंचाईत झाली. आता काय सांगायचं? खरा पत्ता दिला तर दोन महिने लटकायचं, आणि भाऊजींच्या घशाला दोन महिने द्यायची बाईंची तयारी नव्हती. तत्त्वं वगैरे त्या पुष्कळ मानत, पण ती खिडकीच्या अलीकडे. त्यांनी सवयीने पढवलं, "पत्ता माझा सांगायचा. इथेच राहतो म्हणायचं." खिडकीतल्या मुलाने पत्ता लिहिता लिहिता मान वर करून म्हटलं, "बाई, तुमच्या घरी माणसं तरी किती राहतात हो?"

"जागा कमी पडतेय," बाई म्हणाल्या. "तू लिही."

चार दिवसांत नंबर लागला. घशाच्या डॉक्टरने नाकातून बारीक दुर्बीण घातली, थोडा तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि जे बाईंना वाटत होतं तेच निघालं. आवाजाच्या पडद्यावर गाठ. "अजून सहा महिने घरी बसला असता तर गोष्ट वेगळी होती," डॉक्टर म्हणाले. "आता काही आठवडे लाइट द्यायची, म्हणजे किरणांचे उपचार. बरं व्हायची आशा चांगली आहे. पण तोवर बोलणं बंद. एक शब्दही नाही." बहिणीला रडूही आलं आणि हसूही.

भाऊजी लोखंडी पलंगावर आले. बोलायची बंदी त्यांनी आपल्या पद्धतीने मोडली. अस्तराच्या काळ्या कापडाचा एक तुकडा मांडीवर पसरायचा, शिंप्याच्या खडूने त्यावर लिहायचं आणि झटकून पुसायचं. त्यातही त्यांचं भांडण चालूच. चहा पातळ. उशी कडक. ड्रायव्हरकाका फार बोलतात.

एका संध्याकाळी बाईंनी कचेरीतून आल्या आल्या विषय काढला. "भाऊजी, खिडकीवर मी खोटं बोलले ते तुमच्या जिवासाठी. पण मोजताना मी तुम्हाला तुमच्याच जिल्ह्यात मोजणार. चौकशी करून पत्ता सुधारायचा मला अधिकार आहे. तो मी आजवर वापरला नाही, एवढंच."

भाऊजींनी झपाट्याने लिहिलं, "नको."

"का नको?"

"रंग जाईल." आणि खाली, मोठ्या अक्षरांत, "माझ्यामुळे."

बाईंना आधी राग आला, पण तो टिकला नाही. घशात एवढं घेऊन बसलेला माणूस, आणि चिंता काय, तर आपल्या जिल्ह्याच्या रंगाची. त्या पलंगाच्या कडेला बसल्या. "बरं, नाही मोजत तुम्हाला तिकडे," त्या म्हणाल्या. "मग पुढच्या वर्षी तुमच्या पेठेत दुसरं कुणी तरी नकाशाकडे बोट दाखवील. समोर जो उभा असेल तो डॉक्टरला न दाखवताच घरी जाईल."

भाऊजींनी कापड झटकलं. पांढरी भुकटी चादरीवर उडाली. त्यांनी सावकाश लिहिलं, जसं कापडावर मापाची खूण करतात तसं.

"आधी बेकरीवाल्याचा पत्ता सुधार."

मोजणीबाईंनी तो आठवडा तळघरांतच काढला. बेकरीवाला, ड्रायव्हरकाकांचा साडू, मास्तरीणबाईंची आत्या, बहिणीच्या शेजाऱ्याची आई आणि तिचा तो भाचा. एकेकाच्या घरी फोन लावला, आजार सापडला तेव्हा कुठे राहत होता ते विचारलं आणि ज्याला त्याला आपापल्या गावी परत पाठवलं. साहेबांनी विचारलं, इतके दिवस हे का झालं नाही? बाई म्हणाल्या, "मूर्खपणा झाला. माझा." साहेबांना ओरडायला काही शिल्लकच राहिलं नाही.

नवा नकाशा आला तेव्हा बाईंची गल्ली इतर गल्ल्यांसारखीच निघाली. ड्रायव्हरकाकांनी घर विकायची जाहिरात मागे घेतली आणि इमारतीचं पाणी किती चांगलं आहे ते सगळ्यांना सांगत सुटले. डोंगरापलीकडचा जिल्हा मात्र लोण्यावरून थेट वांग्याच्या जवळ पोचला. मूठभर माणसांचा जिल्हा, तिथे अशी ओळ परत गेल्यावर दुसरं काय होणार? साहेबांनी तो चढलेला आलेख पाहिला आणि मास्कवाली दोन माणसं बाटल्यांसकट तिकडे रवाना केली. ती पेठेत पोचली तेव्हा त्यांना भाऊजींनी दुकानात बोलावून चहा पाजला. भाऊजींचा आवाज परत आला होता. पहिल्यासारखा नाही, जरा खरखरीत, पण बायकोच्या मते पुरेसा आणि शेजाऱ्यांच्या मते जास्तच.

"पाण्याच्या बाटल्या भरा खुशाल," ते म्हणाले. "पण यंदा आजार वाढलेला नाही. यंदा आम्हाला मोजलंय."

नव्या नकाशालाही त्यांनी काच लावली, पण आधी त्यात दोन टाचण्या खोचल्या, अगदी शेजारी शेजारी. कुणी विचारलं तर टेपच्या टोकाने दाखवतात. ही मी. ही समोरची बेकरी.

परवा पोस्टमन नवी पँट शिवायला आला. भाऊजींनी नेहमीसारखा टेप गळ्यातून काढला, कमरेभोवती फिरवला आणि सरकारवर टीका सुरू केली. मग आकडा बघून मध्येच थांबले. पुन्हा माप घेतलं. मागच्या वर्षीचं माप त्यांच्या तोंडपाठ होतं.

"काय झालं?" पोस्टमन म्हणाला. "सैल ठेवा थोडी, आवडतं मला."

भाऊजींनी टेप गुंडाळून खिशात टाकला. "पँट नंतर," ते म्हणाले. "उद्याची पहिली बस धर. माझ्या मेहुणीकडे पलंग आहे, ती आधी कुरकुरेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. खिडकीवर तिचा पत्ता सांग. आणि तिने विचारलं की तिला आपल्या गावाचं नाव सांग. नीट सांग, ऐकू जाईल असं."